भाज्या धुतल्या, खिडक्या मात्र बंदच

करोनाच्या पहिल्या वर्षी आपण काय काय केलं आठवतंय? भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटांवर इस्त्री फिरवली. एप्रिल २०२० मध्ये तर राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी घातली. आणि एवढं सगळं करून, खिडक्या लावून, एसी सुरू करून बसलो. मला याचा राग अजून येतो, पण लोकांचा नाही. सांगणाऱ्यांचा येतो.

२८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितलं, की कोविड हवेतून पसरत नाही. थेंब जड असतात, लगेच खाली पडतात, एक मीटर लांब राहा, हात धुवा. त्याच्या अठरा दिवस आधी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत, एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली होती. ६१ जण होते. दारात सॅनिटायझरही होता. त्यातल्या एकाला सर्दीसारखा त्रास होत होता. पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं गेले. आता इतक्या जणांच्या तोंडावर कुणी एकटा शिंकत फिरला असेल का?

आपण बोलतो, गातो, नुसता श्वास सोडतो तेव्हाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरतात आणि साठत जातात. म्हणून माणूस किती लांब बसलाय एवढंच बघून भागत नाही. खोली केवढी आहे, हवा खेळती आहे का, आपण तिथे किती वेळ आहोत, हेही तितकंच महत्त्वाचं. मोकळ्या मैदानात धोका कितीतरी कमी असतो तो यामुळेच.

गोवर हवेतून पसरतो हे तर डॉक्टर मंडळींना केव्हापासून माहीत होतं. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तरी करोनाच्या बाबतीत हे मान्य करायला इतका उशीर! पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण हवेत तरंगत नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी मोठे कणही काही काळ तरंगतात. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून हे सांगावं लागलं.

बरं, झालं ते झालं. आज काय चाललंय? परवा एका क्लासमध्ये डोकावलो. खिडक्यांना काचा पक्क्या बसवलेल्या, आत पोरं खच्चून भरलेली आणि भिंतीवर स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. गारवा मिळतो, हवा तीच. सर्दी-तापाची साथ अशा वर्गातून घरोघरी गेली तर नवल काय? तरी दारात सॅनिटायझरची बाटली होतीच, रिकामी.

हात धुवू नका असं म्हणत नाहीये. जुलाबासारख्या कितीतरी आजारांपासून ती सवय वाचवते. पण श्वासातून जाणाऱ्या विषाणूला हात धुऊन कितीसं अडवणार? त्यासाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. खिडकीच नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावा. गर्दीच्या बंद जागी जायचंच असेल तर चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ घाला. आपल्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बंद खोलीत साठतो, म्हणून खोलीतली हवा किती कोंदलीय ते कळायला त्याचा मीटरही मिळतो. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो; आत तो जितका वर, तितकी हवा कोंदलेली. पोरांच्या क्लासची भरमसाट फी भरणाऱ्या पालकांनी एकदा भर वर्गात तो मीटर ठेवून बघावा आणि मग चालकांशी बोलावं.