शुक्रवारी जाहिरात, सोमवारी मुलाखत

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला जाहिरात टाकायची आणि सोमवारी सकाळी दहाला मुलाखत ठेवायची, याला भरती म्हणतात? पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, एकच जागा. महाराष्ट्रातलं हे विद्यापीठ इतकं मोठं की एका विभागातून दुसऱ्यात जायला रिक्षा लागते. पण जाहिरात कुठे टाकली होती? भरतीच्या पानावर नाही, ‘परिपत्रके’मध्ये. तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, शोधायला गेलं तर सापडत नाही. मला सापडली शनिवारी रात्री, तीही एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणून.

रविवारी टिळकवाडीत झेरॉक्सचं एकच दुकान उघडं होतं. सात संच, प्रत्येक पानावर सही. रात्री बेळगावातून बस धरली आणि सकाळी स्टँडवरच तोंड धुऊन विभागात गेले. प्रवासभत्ता मिळणार नाही, ही एकच ओळ त्या जाहिरातीत ठळक होती.

तिथे आम्ही तेवीस जण. आणि एक मुलगा आतबाहेर करत समितीला फायली नेऊन देत होता. तोही त्या तेवीसांतलाच उमेदवार! सहा महिन्यांपासून त्याच प्रयोगशाळेत काम करतोय. शिपाईमामा हळूच म्हणाले, “ताई, ते ठरलेलंच आहे.” अहो, ठरलेलं आहे तर घ्या ना त्याला. बाकीच्या बावीस जणांना रात्रभर बसमध्ये का बसवता?

माझी मुलाखत चार मिनिटं. खानापूरच्या जंगलात पाच वर्षं पावसात, जळवांत फिरून पीएचडी केली, त्यावर एक प्रश्न नाही. पहिला प्रश्न, “तुम्ही कर्नाटकातल्या, मग इकडे कशाला?” आमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांत आहे. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दिला की आम्ही चालतो. आणि ही तर प्रकल्पाची अकरा महिन्यांची जागा, इथे रहिवासाचा संबंधच काय? इकडे कर्नाटकात गेलं की उलटं. मला कन्नड चांगलं येतं, शाळेत शिकलेय, उत्तरंही कन्नडमध्येच देते. तरी आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मग आम्ही जायचं कुठे?

पगाराचं तर विचारूच नका. केंद्राने 2023 मध्ये रिसर्च असोसिएटचं, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकाचं, किमान मानधन 47,000 वरून 58,000 केलं. इथे काम तेच, पात्रता पीएचडीच, फक्त नाव ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ आणि हातात 25,000. त्यातही अनुदान आलं तर पगार, नाही आलं तर थांबा. घरमालक थांबतो का?

पंधरा दिवस आधी जाहिरात द्या. भरतीच्या पानावर द्या. मुलाखत ऑनलाइन घ्या. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

दोन महिने झाले, निकाल नाही. फोन केला की एकच उत्तर, “वेबसाइट बघत राहा.”