फ्रीलुफ्ट्सलीव हा शब्द व्हायकिंगांचा नाही

‘नॉर्वेत हजार वर्षं जुना एक व्हायकिंग शब्द आहे, फ्रीलुफ्ट्सलीव. अर्थ, निसर्गातलं मुक्त जीवन. त्याचं भाषांतर कुठल्याच भाषेत होत नाही.’ बर्फाच्छादित डोंगरांच्या फोटोवर हा मजकूर सतत फिरत असतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी वय. सर्वात जुना म्हणून दाखवला जातो तो नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या १८५९च्या दीर्घ कवितेतला उल्लेख. तिथे डोंगरावरच्या ओसाड खोपटात एक स्टूल आहे, एक चूल आहे आणि ‘माझ्या विचारांना फ्रीलुफ्ट्सलीव’ आहे. म्हणजे मोकळी हवा मिळाली ती विचारांना, आणि तीही छपराखाली! घटक शब्द पाहिले तरी तेच. ‘फ्री’ (मुक्त) आणि ‘लुफ्ट’ (हवा) ही रूपं मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या बोलीतून नॉर्वेत आली. त्या काळी नॉर्वेच्या बर्गन बंदरात ‘हान्सा’ या उत्तर जर्मन व्यापारी संघाचं मोठं ठाणं होतं. व्हायकिंग स्वतंत्र माणसाला ‘फ्र्याल्स’ म्हणत, मुळात ‘ज्याची मान मोकळी तो’. हवेला आणि माडीलाही त्यांचा शब्द होता ‘लोफ्ट’. आपल्या स्वयंपाकघरावरचा लॉफ्ट इंग्रजीमार्गे तिथूनच आला. ‘लीव’, म्हणजे जीवन, तेवढा घरचा.

आता अर्थ, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. मुक्त काय, जीवन की हवा? उत्तर मधल्या ‘स’मध्ये आहे. नॉर्वेजियनमध्ये वाइनचा पेला ‘वीनग्लास’, पण रेड वाइनचा ‘रोवीन्सग्लास’. पहिलं पद स्वतःच जोडशब्द असलं की पुष्कळदा सांध्यावर ‘स’ येतो. हा जुन्या षष्ठीचा अवशेष. आपल्या ‘युधिष्ठिर’मध्ये ‘युधि’ (युद्धात) ही सप्तमी शिल्लक राहते, तसा. म्हणून फोड ‘फ्रीलुफ्ट’ अधिक ‘लीव’ अशीच. ‘मुक्त’ हे हवेचं विशेषण आहे, जगण्याचं नाही.

राहिलं भाषांतर. ‘मोकळी हवा’ हे मराठीत शब्दाला शब्द बसतं, कारण आपलं ‘मोकळं’ही मुक्त आणि उघडं असं दोन्ही आहे. ‘मोकळ्या हवेतलं जगणं’ म्हटलं की झालं. नॉर्वेचं वेगळेपण शोधायचंच तर ते १९५७च्या ‘फ्रीलुफ्ट्सलोवेन’ या कायद्यात शोधावं. त्याने जमीन कुणाचीही असो, लागवडीखाली नसलेल्या रानातून कुणालाही पायी जाता येतं, आणि राहत्या घरापासून १५० मीटर अंतर राखून दोन रात्री तंबू ठोकता येतो.