दुसऱ्याचा समुद्र नावावर कसा करून घ्यावा

समुद्र घ्यायचं मनात आलं की लोक आधी तोफांची चौकशी करतात. इथेच चुकतात. तोफ लागतेच, पण मागाहून. आधी कागद करा. आणि तो करताना मूळ मालक शक्यतो गावात नसावा. असला की उगाच शंका काढत बसतो.

कित्ता गिरवायचा तर १४९४ चा तोर्देसियासचा तह घ्या. स्पेन आणि पोर्तुगालने केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर एक उभी रेघ ओढली. पलीकडे नवं सापडेल ते स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आपल्याकडेही ठेवतात हो, पण हलवाई अजून सापडायचाय आणि त्याच्या घराची वाटणी झालीसुद्धा, याला वेगळीच छाती लागते.

समोरच्याला नोटीस जरूर द्यावी, फक्त आपल्या भाषेत. १५१३ मध्ये स्पेनने अमेरिकेसाठी असा मसुदाच तयार केला. पोप आणि आमचे राजे यांना माना. न मानल्यास होणाऱ्या मृत्यूंचा आणि नुकसानीचा दोष तुमच्याच माथी. ऐकणाऱ्यांना स्पॅनिशचं अक्षर कळत नसे. कधी तो जहाजावरूनच वाचत, कधी ओस पडलेल्या झोपड्यांसमोर. पण वाचल्याची नोंद करायला लेखनिक हजर असे. सही-शिक्क्यात कसूर नाही.

आहेराचा खर्च मात्र वाचवू नका. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामा कोझिकोडला पोचला आणि झामोरिन राजासाठी त्याने सामान मांडलं: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, सहा टोप्या, चार कुंच्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा तस्तं, थोडी साखर, तेल आणि मध. मिऱ्यांच्या बंदरात, अख्ख्या अरबी समुद्राचा माल जिथे उतरतो तिथे, हातधुणी! राजाचे कारभारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, म्हणाले. आपल्याकडे बारशालासुद्धा कुणी इतक्यावर भागवत नाही.

हसू द्या. गामा परतताच पोर्तुगालच्या राजाने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी अशी पदवी स्वतःच लावून घेतली. विजय व्हायचा होता. पदवी आधी झाली.

आता परवाना काढा. पोर्तुगीजांनी त्याला कार्ताझ म्हटलं. शतकानुशतकं याच पाण्यातून ये-जा करणाऱ्या जहाजांनी तो विकत घ्यायचा, शिवाय पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. कार्ताझ नसेल तर माल जप्त. असला तरी निर्धास्त राहू नये: १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईचं ‘रहीमी’ जहाज कार्ताझ असूनही पकडलं. परवाना म्हणजे वचन, असं ज्याने समजायचं त्याने समजावं.

मिळालेलं पुढे देताना हात सैल ठेवा. १६६१ च्या लग्नकरारात पोर्तुगालने राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. त्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. पागडीवाले भाडेकरूही लाजतील. कोळीवाड्यात कुणी विचारायला गेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

फारच कुणी हिशेब मागू लागला तर मिरची दाखवा. अमेरिकेची हिरवी-लाल मिरची पोर्तुगीजांमुळेच आली, कानामागून आली आणि मिऱ्यालाच भारी पडली. समोरचा लगेच ठेचा आठवून गप्प बसतो. मीही दोनदा बसलोय.

एकच धोका सांभाळा: तुमचा कागद पाहून शेजारी तसाच कागद काढतो. कोकणच्या किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्र्यांनी दस्तकं द्यायला सुरुवात केली. दस्तक घ्या आणि खुशाल जा. नसेल तर जहाज अडकवू. शब्द न शब्द तुमचाच धडा, समुद्र मात्र त्याच्या दारातला. अशा वेळी अजिबात घोटाळू नये. आपण केलं तर ती व्यापाराची शिस्त, त्याने केली तर चाचेगिरी. इंग्रजांनी तसंच केलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. इंग्रजी दप्तरात कान्होजींच्या नावापुढचं ‘चाचा’ मात्र तसंच राहिलं.