पिंपळाच्या बाजूने खोटी साक्ष नको

पावसाळ्याच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. पिंपळ 100 टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड 80, कडुनिंब 75. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. सरकारने ही झाडं लावणं बंद केलं. दर 500 मीटरवर एक पिंपळ लावा, देश प्रदूषणमुक्त होईल. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि पिंपळ मलाही प्रिय आहे, म्हणूनच हे मुद्दे तपासायला हवेत.

आधी टक्के. 100 टक्के कशाचे? हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के, आणि समोर आलेला सगळा वायू शोषून घेणारं पान कुठल्याच झाडाला नसतं. झाड किती कार्बन साठवतं हे त्याचं वय, घेर, जमीन आणि पाणी यांवरही ठरतं. जातीला अशी ठरलेली टक्केवारी चिकटवता येत नाही.

ऑक्सिजन सुटतो तो उजेडात, पाण्याचा रेणू फुटल्यावर. अंधारात पिंपळही श्वास घेतो आणि ऑक्सिजन वापरतो. निवडुंग, अननस रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरं, पण ऑक्सिजन तेही दिवसाच सोडतात. (पिंपळाखाली झोपलं की माणूस गुदमरतो, हा उलटा मेसेजही तितकाच निराधार. उघड्या हवेत झाडाच्या श्वासाने काही फरक पडत नाही.)

वनविभागाच्या रोपवाटिकांत वड, पिंपळ, कडुनिंब तयार होतात, तेव्हा ‘बंद केलं’ हे खोटं. मात्र गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ही परदेशी झाडं वर्षानुवर्षं लावली गेली ही तक्रार रास्त आहे.

राहिले 500 मीटर. पानं थोडी धूळ अडवतात, पण गाड्यांचा, कारखान्यांचा, जळत्या कचऱ्याचा धूर उगमाशीच थांबवावा लागतो. आणि माळरानावरही पिंपळच लावायचे का? सोलापूरजवळचं नान्नज माळढोक पक्ष्यासाठी ओळखलं जायचं. तिथले काळवीट आणि लांडगे माळावरच जगतात. तिथे झाडांची दाटी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

पिंपळाचं मोठं काम मेसेजात कुठेच येत नाही. त्याची फुलं फळाच्या आत असतात आणि परागण करते ती त्याच्याशीच बांधली गेलेली, एक-दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या गोत्रातली एक माशी. ती जगायची तर परिसरात कुठला ना कुठला पिंपळ फळावर असावा लागतो, आणि सगळे पिंपळ एकाच वेळी फळत नाहीत. म्हणून इतर झाडं रिकामी असतानाही हरियल, तांबट, कोकीळ, धनेश, वटवाघळं यांना खायला मिळतं. जुन्या खोडाच्या ढोलीत पिंगळा राहतो. राखी धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला चिणून घेऊन अंडी घालते. पाच वर्षांच्या रोपाला ढोली कुठून येणार?

झाड म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र, हे एकदा मान्य केलं की जुना वड पाडून दहा रोपं लावणाऱ्याला उत्तर देता येत नाही. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. तोडीची नोटीस निघते, हरकतीला मुदत असते. आपल्या भागातल्या जुन्या वड-पिंपळांचे घेर आतापासूनच मोजून, फोटो काढून ठेवा, आणि हरकत लिहिताना त्या झाडावर कोण राहतं, कोण खातं, तेही लिहा.