तो सामना एका रात्रीत संपला नव्हता

अमेरिकेतल्या पॉटकेट शहराच्या पॉटकेट रेड सॉक्स या मायनर लीग (खालच्या स्तरावरच्या) बेसबॉल संघावरचा लेख छान आहे, पण ‘33 इनिंगचा सामना रात्रभर चालून पहाटे संपला’ हे वाक्य दुरुस्त करायला हवं. 18 एप्रिल 1981 च्या रात्री मॅकॉय स्टेडियममध्ये रॉचेस्टर रेड विंग्जविरुद्ध सुरू झालेला हा सामना 32 इनिंगनंतर, पहाटे 4:07 ला, 2-2 अशा बरोबरीत थांबवला गेला. तेव्हा स्टँडमध्ये जेमतेम 19 प्रेक्षक उरले होते.

एरवी 9 इनिंगचा असणारा सामना इतका लांबला कसा? रात्री 12:50 नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही हा लीगचा नियम पंचांकडच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत छापलाच नव्हता. शिवाय वारा मैदानाच्या आत वाहत होता, उंच फटके कुंपणाच्या अलीकडेच पडायचे. 21 व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने आघाडी घेतली, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जच्या डबलने (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने) ती लगेच फिटली.

उरलेला खेळ 23 जूनला झाला. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, खेळाडूंचा संप असल्याने देशभरचे पत्रकार तिथे आले, आणि 18 मिनिटांत सगळं आटोपलं: तिन्ही बेस भरलेले, पॉटकेटच्या डेव्ह कोझाचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका), 3-2 ने विजय. समोरच्या संघात पुढे दिग्गज ठरलेला कॅल रिपकन होता, हे लेखात यायलाच हवं होतं.

2018 पासून मायनर लीगमध्ये बरोबरीनंतरची जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होते, त्यामुळे धावा लवकर निघतात. सर्वात लांब व्यावसायिक बेसबॉल सामन्याचा हा विक्रम आता मोडणं जवळपास अशक्य. 2020 चा हंगाम कोविडमुळे रद्द झाला आणि 2021 मध्ये पॉटकेटचा संघ कायमचा वूस्टर शहरात गेला. पॉटकेटकरांना निरोपाचा हंगामही मिळाला नाही.