सातव्या काठीची प्रदक्षिणा

गेल्या गुरुवारी रात्री, उणे सतरा अंश सेल्सिअसमध्ये, चाळीसएक माणसांच्या देखत मी प्लॅस्टिकच्या एका काठीला प्रदक्षिणा घालू लागलो आणि ती पुरी होण्याआधीच बाद ठरलो. आज रविवार आहे. पोटऱ्यांचे दुखणे उतरले आहे. बाकीचे उतरलेले नाही.

यात मी कसा पडलो, हे थोडक्यात सांगतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या संघात पाचवा माणूस कमी होता आणि मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चौदा हिवाळ्यांत सुट्टीच्या दिवशी स्कीवरून न पडता खाली उतरायला शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर आमच्या भागातल्या क्लबाच्या गुरुवारच्या हौशी लीगमध्ये माझे नाव गेले. मिनेसोटात डोंगर नाहीत. तीनशे फुटांच्या आसपासच्या टेकड्या आहेत आणि ज्याचे बालपण पर्वतीच्या पायऱ्यांवर गेले त्याला अशा टेकडीची भीती वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय बर्न्सव्हिल गावच्या बक हिल नावाच्या अशाच एका टेकडीवर लिंडसी व्हॉन लहानपणी शिकली आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये तिने डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकले, ही कथा इथे नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवली जाते. टेकडी बुटकी असली की एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा उतरता येते आणि सराव दांडगा होतो, असे त्यामागचे शास्त्र आहे. मला त्यातून एवढेच समजले, की उद्या काही बिनसले तर टेकडीला दोष देण्याची सोय राहिलेली नाही.

अपमानाचा पहिला हप्ता दुकानातच भरला गेला होता. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोर लागल्यावर सुटावा, हे बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, एका आकड्याने ठरवतात आणि तो आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि तुम्ही सावध आहात की धाडसी, यावरून तक्त्यात शोधतात. मी छाती काढून ‘धाडसी’ असे सांगितले. मग काउंटरवरच्या पोराने वय विचारले. मी एक्कावन्न म्हटल्यावर त्याने बोट तक्त्यात एक ओळ वर सरकवले, कारण पन्नाशी गाठलेल्या माणसाचा बूट लवकर सुटावा असा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. बोट सरकवताना त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलेही नाही, याबद्दल आहे.

तर शर्यत स्लॅलमची होती. स्लॅलममध्ये लाल आणि निळ्या काठ्या आलटून पालटून रोवलेल्या असतात. त्या बुडाशी वाकतात आणि पुन्हा ताठ उभ्या राहतात. प्रत्येक काठीच्या नेमक्या बाजूने दोन्ही स्कीची टोके आणि दोन्ही पाय गेले, तरच ते गेट पार झाले असे धरतात. शर्यतीपूर्वी सगळे स्पर्धक मार्गाच्या कडेने आडवे घसरत खाली येतात आणि काठ्या पाठ करतात. अनुभवी मंडळी डोळे मिटून, हाताचा पंजा साप वळल्यासारखा हलवत मार्ग मनात घोकत होती. मी काठ्या मोजल्या. त्या सत्तावीस होत्या आणि ते ज्ञान पुढे माझ्या काडीच्या उपयोगी पडले नाही.

पहिल्या सहा काठ्या मी पार केल्या. सातवी निळी होती आणि ती माझ्या दोन पायांच्या मधून गेली. म्हणजे उजवा पाय योग्य बाजूने गेला, डावा गेला नाही आणि काठी वाकून, उरकून, माझ्या मागे पुन्हा सरळ उभी राहिली. काहीतरी खटकले म्हणून मी थोडे खाली जाऊन थांबलो. मी पडलो नाही, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तिथे बर्फात उलट्या घातलेल्या बादलीवर, मांडीवर घोंगडी घेऊन गेट जज बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल होती, कारण अशा थंडीत पेनची शाई गोठते. हातात थर्मास होता. आपले गेट पार झाले की नाही अशी शंका आलेल्या स्पर्धकाने जजला विचारायचे असते आणि जजने मोठ्याने ‘गो!’ किंवा ‘बॅक!’ यांपैकी एक उत्तर द्यायचे असते. मी विचारले. गृहस्थांनी थर्मासचे झाकण लावले, घोंगडी बाजूला ठेवली, उठून उभे राहिले आणि फलाटावरच्या गार्डच्या थाटात ओरडले, “बॅक!”

“म्हणजे मी बाद का?”

“छे, छे! तुम्ही वर चढून त्या काठीला मागून वळसा घालू शकता. जायंट स्लॅलम असती, तर थांबल्याबरोबर विषय संपला असता. स्लॅलममध्ये ही सवलत आहे.” ही सवलत त्यांनी पदरची काढून दिल्यासारखी सांगितली.

मी चढू लागलो. एकशेपासष्ट सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या पायांना बांधून उतारावर आडव्या पावलांनी चढणे हा प्रकार ज्याने केला नसेल, त्याने घरातला इस्त्रीचा फळा पायाला बांधून जिना चढून पाहावा. सुमारे चार मीटर जायचे होते. वर कुणाचा तरी बूट बाइंडिंगमध्ये बसत नसल्यामुळे पुढचा स्पर्धक सुटायला वेळ लागत होता, त्यामुळे दैवाने मला अवधी दिला होता आणि तो गृहस्थांनी संभाषणाला वापरला.

“स्की उताराला आडवे ठेवा. नाही, आडवे. तुम्ही मूळचे कुठले?”

“पुण्याचा. भारत,” मी धापा टाकत म्हणालो.

“तिथे बर्फ पडत नाही ना?”

“नाही.”

“मग हे फारच छान चालले आहे!”

चौदा हिवाळे मी पहाटे उठून दारातला बर्फ फावड्याने उपसला आहे. गेल्या वर्षी त्या फावड्याचा दांडा मोडला. या गावात माझ्याइतका बर्फ हाताळलेली माणसे फार नसतील, आणि तरीही मी कालच विमानातून उतरलो आहे अशा समजुतीने माझे कौतुक होते. पण वादाला लागणारा श्वास शिल्लक नव्हता.

“तुमचा तो एक मुलगा आहे ना, गुलमर्गचा,” ते पुढे म्हणाले. “आरिफ खान. २०२२ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला तुमच्या देशाकडून तो एकटाच आला होता. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा.”

मला हे नाव ठाऊक नव्हते. ते त्यांना कळू नये म्हणून मी जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि तेवढ्यात अर्धा मीटर खाली घसरलो.

“आणि स्लॅलममध्ये?” मी आशेने विचारले.

गृहस्थांनी क्षणभर थांबून, माझे मन राखत सांगितले, “पूर्ण केली नाही.”

हे संभाषण चालू असताना मी काठीच्या वर पोहोचलो होतो. डावा पाय मागे घेतला, उजवा वळवला, प्रदक्षिणेचे पाऊण वर्तुळ पुरे झाले आणि वरून सर्र असा आवाज आला. हेल्मेटखालून पांढरी वेणी उडत असलेल्या एक आजीबाई माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून खाली गेल्या. जाता जाता त्यांनी मला “गुड जॉब!” असे म्हटले.

“झाले,” गृहस्थ घड्याळ पाहत म्हणाले. “पुढचा स्पर्धक पुढे निघून गेला की तुमची शर्यत संपते.”

“मग हे आधी का नाही सांगितले? मी कशाला चढलो?”

“ती येईपर्यंत तुमचा हक्क होता,” ते शांतपणे म्हणाले आणि माझा हक्क बुडू न दिल्याच्या समाधानात त्यांनी थर्मास उघडला.

‘गुड जॉब’ या शब्दांबद्दल मला इथे थोडे बोलायचे आहे. मी बाद होऊन, स्की खांद्यावर टाकून, मार्गाच्या कडेने खाली आलो, तेव्हा भेटलेल्या प्रत्येकाने मला ते ऐकवले. आमच्या संघनायकाने दोनदा. पुण्यात माझ्या एखाद्या काकांनी “जमत नाही तर करता कशाला?” असे विचारले असते आणि मला रागावता आले असते. इथे रागावण्याचीही पंचाईत. बालवाडीतल्या पोराने भिंतीवर रेघोट्या ओढल्या तरी गुड जॉब, एक्कावन्न वर्षांचा सॉफ्टवेअर अभियंता काठीत अडकला तरी गुड जॉब. मग ज्या दिवशी मी सत्तावीस काठ्या पार करीन, त्या दिवसासाठी या लोकांनी कोणता शब्द राखून ठेवला आहे? हंगामाची वर्गणी मी पूर्ण भरली आहे. तेवढ्या पैशांत एखादा खरा शेरा मिळायला हरकत नव्हती.

लॉजमध्ये येऊन बूट काढण्यातच बराच वेळ गेला. शर्यतीचे बूट निघताना पाय सोबत घेऊन जाऊ पाहतात. फळ्यावर निकाल लागला होता. बाद झालेल्यांच्या खाली गेटचा क्रमांक आणि जजचे नाव लिहितात. यादी छोटीशी होती, कारण तिच्यात मी एकटाच होतो. मी कॉफी घेऊन बसलो, तर गृहस्थ शोधत आले आणि शेजारी टेकले. गेट जजला आपल्या कार्डावर चूक कशी झाली याचे रेखाचित्र काढावे लागते, ते मला दाखवण्याची त्यांची इच्छा होती.

चित्र चांगले होते. काठीची उभी रेघ, तिच्या दोन बाजूंनी गेलेल्या दोन नागमोडी रेघा, आणि वर चढणाऱ्या माझ्या पावलांच्या बारीक आडव्या खुणा, एकूण अकरा. चित्राच्या वर गेटचा क्रमांक होता : आठ.

“पण मी सातव्यावर अडकलो,” मी म्हणालो. “मी मोजल्या होत्या.” सत्तावीस काठ्या मोजल्याचा उपयोग होण्याचा क्षण अखेर आला होता.

गृहस्थांनी कार्ड दिव्याकडे धरले. “खरेच की. याच्यावर तुम्हाला प्रोटेस्ट करता आला असता. आंतरराष्ट्रीय शर्यतीत त्याला शंभर स्विस फ्रँक अनामत ठेवावी लागते, आपल्याकडे वीस डॉलर.” त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. “पण निकाल लागल्यापासून पंधरा मिनिटांत. आता सतरा झाली.”

मग त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या रबराने आठ खोडला, नीट वळणदार सात काढला आणि रबराचा चुरा माझ्या कॉफीत पडू नये म्हणून काळजीपूर्वक दुसऱ्या बाजूला फुंकला.