कोलमनच्या नावावर खपवलेला निष्कर्ष

'शिक्षण-संशोधनाचा फुगा फुटला' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. लेखकाचं नाव नाही, पण सूर मात्र निकाल वाचून दाखवणाऱ्या न्यायाधीशाचा. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: शिक्षण हा संशोधनाचा विषयच नाही, कारण त्याला प्रयोगशाळा नाही. जे काही आहे ते मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राकडून उसनं आणलेलं. शाळेमुळे काही फरक पडत नाही, सगळं घरावर ठरतं, हे कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६६ सालीच सिद्ध केलं. बुद्धी जन्मजात असते, त्यामुळे बाकी खटाटोप व्यर्थ. या क्षेत्राने आजवर फक्त थोतांड पसरवलं. आणि शेवटी, अनुभवी शिक्षकाला संशोधनाची गरजच नसते.

माझी भाची शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतेय. तिने हे मला पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, हे खरं असेल तर मी नेमकं काय शिकतेय?" तिच्याशी फोनवर बोलले, पण तोवर तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी हे 'विचार करायला लावणारं' म्हणून पुढे ढकललंही होतं. शिक्षक होऊ घातलेली माणसं 'शाळेने काही होत नाही' हे माना डोलवत वाचतायत, याचा मला राग आलाय. तो लपवत नाही.

प्रयोगशाळेचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण त्यात दम नाही. खगोलशास्त्रज्ञांनाही ताऱ्यांवर प्रयोग करता येत नाहीत. शिवाय शिक्षणात प्रयोग झालेले आहेत, आणि चांगले मोठे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं, ७९ शाळांमध्ये, अकरा हजारांहून जास्त मुलं आणि त्यांचे शिक्षक चिठ्ठी पद्धतीने लहान आणि नेहमीच्या वर्गांत वाटले गेले. लहान वर्गात १३ ते १७ मुलं, नेहमीच्या वर्गात २२ ते २५. लहान वर्गातली मुलं पुढे गेली, आणि कृष्णवर्णीय व गरीब घरांतल्या मुलांचा फायदा इतरांपेक्षा जास्त होता. प्रयोग नाहीत म्हणणाऱ्याने निदान एवढा एक तरी चाळायचा.

आता उसनवारी. हा आरोप करणाऱ्याने देण्याघेण्याची वही अर्धीच वाचलीय. घेतलं, हे खरंच. पियाजे आणि वायगॉट्स्की मानसशास्त्रातून आले, बोर्द्यू समाजशास्त्रातून, शिक्षणाकडे 'मानवी भांडवल' म्हणून बघण्याची दृष्टी अर्थशास्त्रातून. पण दिलेलं काय? आज एखादा उपचार करावा की नाही हे ठरवताना डॉक्टर ज्या मेटा-अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबाचा, आधार घेतात, त्या पद्धतीला नाव आणि आजचा आकार दिला जीन ग्लास यांनी. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण ग्लास यांनी १९७६ मध्ये ही मांडणी केली ती अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात. शिक्षण-संशोधकांच्या संघटनेत, त्यांच्या अध्यक्षाने.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १९६० साली थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोघांना एक साधा प्रश्न पडला होता: गुणवत्ता परीक्षेत नाव जाहीर झाल्यामुळे विद्यार्थ्याचं पुढे काही भलं होतं का? गुणवान मुलांचं भलं एरवीही होतंच, मग जाहीर कौतुकाचा परिणाम वेगळा काढायचा कसा? त्यांनी पात्रतेच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेली मुलं घेतली. एकदोन गुणांनी कुणी खरोखर हुशार किंवा मठ्ठ ठरत नाही, त्यामुळे ही मुलं जवळजवळ सारखीच. नंतर त्यांच्यात फरक दिसला, तर तो कौतुकामुळे. हा लेख आला शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात. अर्थशास्त्रज्ञांनी पुढची तीन-साडेतीन दशकं त्याकडे फारसं पाहिलं नाही. मग अँग्रिस्ट आणि लाव्ही या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये इस्रायलमधल्या शाळांसाठी तीच युक्ती वापरली. तिथे वर्गात ४० मुलांची मर्यादा होती, एकेचाळिसावं मूल आलं की वर्गाचे दोन होत. त्यावरून त्यांनी वर्गाचा आकार आणि गुण यांचा संबंध मोजला. आज रेषेच्या अलीकडे-पलीकडे बघण्याची ही युक्ती 'रिग्रेशन डिसकंटिन्युइटी' या नावाने अर्थशास्त्रातली मानाची पद्धत आहे, आणि कार्यकारणभाव तपासण्याच्या पद्धतींवरच्या कामासाठी अँग्रिस्ट यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. उसनं कुणी कुणाकडून नेलं?

मूल वर्गात, वर्ग शाळेत, शाळा जिल्ह्यात, अशी एकात एक बसलेली माहिती नीट हाताळणारी बहुस्तरीय प्रतिमानं घ्या. ती रुजवण्यात गोल्डस्टीन, ब्रिक आणि राउडेनबुश यांच्यासारख्या शिक्षणातल्या संख्याशास्त्रज्ञांचा मोठा हात होता. तेच राउडेनबुश १९९७ मध्ये शिकागोतल्या वस्त्या आणि गुन्हेगारी यांच्यावरच्या गाजलेल्या समाजशास्त्रीय अभ्यासाचे एक लेखक होते. मूल का शिकत नाही याचं उत्तर एका विषयाच्या हद्दीत मावत नाही, म्हणून ही ये-जा होत राहते. यात लाजण्यासारखं काय आहे?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. "कोलमनने सिद्ध केलं की शाळेमुळे काही फरक पडत नाही." या मजकुरातलं हे सगळ्यात घातक वाक्य, कारण त्याच्या शेपटाला पुढचं वाक्य लटकलंय: "म्हणून अशिक्षित घरांतल्या मुलांच्या शाळांवर पैसा ओतणं ही भावनिक उधळपट्टी आहे."

जेम्स कोलमन यांचा अहवाल १९६६ चा. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला. वंश, धर्म यांच्यामुळे शिक्षणाची समान संधी कुणाला नाकारली जाते का, याची पाहणी करा, असं त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. सुमारे चार हजार शाळा, सहा लाखांच्या आसपास मुलं. तोवर समाजशास्त्रात एवढी मोठी पाहणी क्वचितच झाली असेल. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांत इमारती, पुस्तकं, खर्च यांची प्रचंड तफावत निघेल आणि गुणांतला फरक त्यातूनच उलगडेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. साधनांतला फरक अपेक्षेहून कमी निघाला. गुणांतल्या फरकाशी जास्त संबंध दिसला तो घरच्या परिस्थितीचा आणि वर्गसोबत्यांचा. इथवर मजकूर बरोबर आहे, हे नाइलाजाने कबूल करते. घराचा प्रभाव मोठा असतो, आणि तो नाकारणारे शिक्षणतज्ज्ञ स्वतःचीच फसवणूक करतात.

पण यातून 'शाळेने फरक पडत नाही' कसं निघतं? कोलमन मुलामुलांमधल्या फरकाचा हिशेब मांडत होते, शाळा एकूण किती शिकवते याचा नाही. एकाच विहिरीचं पाणी सगळ्या वाफ्यांना सारखं दिलं, तर या वाफ्यातलं पीक उंच आणि त्या वाफ्यातलं खुजं का, याचं कारण पाणी नसेल. म्हणून पाणी तोडून बघणार का? शाळेत अजिबात न गेलेली मुलं त्या पाहणीत नव्हतीच, तेव्हा शाळा असण्या-नसण्याचा फरक तीत दिसणारच नव्हता.

दुसरी गोम हिशेबाच्या क्रमात आहे. सुस्थितीतल्या घरची मुलं बहुधा चांगल्या शाळेत जातात, म्हणजे घर आणि शाळा हातात हात घालून चालतात. गुणांतल्या फरकाचा काही वाटा निव्वळ घराचा, काही निव्वळ शाळेचा आणि बराचसा सामाईक. कोलमन यांच्या गणितात घर आधी धरलं गेलं आणि शाळा नंतर. साहजिकच सामाईक वाटा सगळा घराच्या खात्यावर जमा झाला आणि शाळेच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. बोल्स आणि लेव्हिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ही खोट दोन वर्षांत, १९६८ मध्येच, दाखवून दिली होती. शिवाय कोलमन यांच्या पाहणीत मुख्य मोजमाप होतं भाषिक क्षमतेच्या चाचणीचं, म्हणजे घरात कानावर काय पडतं त्यावर जी फार अवलंबून असते अशा गोष्टीचं. वर्गात जे शिकवलं जातं ते तपासलं असतं तर शाळेचं पारडं आणखी जड दिसलं असतं, असं मला वाटतं.

आणि हे तर मजकूर लिहिणाऱ्याने सरळ गाळलंय: त्याच अहवालात म्हटलंय की शाळेच्या दर्जाचा परिणाम गोऱ्या मुलांपेक्षा अल्पसंख्याक मुलांवर जास्त होतो. ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नाहीत, शिकलेलं माणूस नाही, त्यांनाच शाळा जास्त लागते. ज्या अहवालाचं नाव घेऊन त्या मुलांच्या शाळांचा पैसा तोडायला सांगताय, त्यातच हे लिहिलंय. स्वतः कोलमन यांनी १९८० च्या दशकात सरकारी आणि कॅथलिक शाळांची तुलना करून कॅथलिक शाळांतली मुलं जास्त शिकतात असा दावा केला आणि त्यावर मोठं रण माजलं. तो दावा बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण शाळेशाळेत फरकच नसतो असं मानणारा माणूस हा उद्योग करेल का?

गरीब देशांबद्दल इथे एक नोंद करते, नाहीतर कुणीतरी तेवढंच उचलेल. हेनिमन आणि लॉक्सली यांनी १९८३ मध्ये २९ देशांची तुलना केली. देश जितका गरीब तितका शाळेचा प्रभाव मोठा, असं त्यांना आढळलं. २००२ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी नव्या माहितीवर तेच तपासलं तेव्हा हा नमुना बराचसा विरला होता. गरीब देशांतही शाळा वाढल्या, किमान दर्जा आला, की घराचा प्रभाव पुढे सरसावतो, असा त्याचा एक अर्थ लावतात. तो बरोबर असेल तर शाळांनी काम केल्याचाच तो पुरावा आहे.

"बुद्धी जन्मजात, शाळा तिला हात लावू शकत नाही." यावर एकच अभ्यास पुरे. स्टुअर्ट रिची आणि एलियट टकर-ड्रोब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त माणसांची माहिती असलेले ४२ माहितीसंच एकत्र तपासले. हुशार मुलं जास्त शिकतात की जास्त शिकल्याने हुशार होतात, हा खरा पेच होता. म्हणून त्यांनी तीनच प्रकारचे अभ्यास घेतले: ज्यांत आधीची बुद्धिमत्ता मोजलेली होती, ज्यांत कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची वर्षं वाढली होती, आणि ज्यांत शाळाप्रवेशाच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या मुलांची तुलना होती. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण नॉर्वेचं. तिथे सक्तीचं शिक्षण सातवरून नऊ वर्षांवर नेलं, पण सगळ्या नगरपालिकांत एकदम नाही, १९५५ ते १९७२ या काळात टप्प्याटप्प्याने. तरुणांची लष्करभरतीच्या वेळी बुद्धिचाचणी होतच असे. ब्रिंच आणि गॅलोवे यांनी दोन्हींची सांगड घातली आणि जादा वर्षामागे सुमारे ३.७ गुणांची वाढ काढली. मुलं तिथलीच, आईबाप तसेच, बदलला तो कायदा. आनुवंशिकता नसते असं यात कुणी म्हणत नाही. पण 'हात लावू शकत नाही' हे साफ खोटं आहे.

थोतांडाचा आरोप मला पूर्ण झटकता येत नाही. 'बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी' अशी मुलांची वर्गवारी आणि 'वाचलेलं दहा टक्के, केलेलं नव्वद टक्के लक्षात राहतं' हा पिरॅमिड आजही प्रशिक्षणांत मिरवतो. त्या टक्क्यांमागे कुठलाही धड अभ्यास नाही. पण शिकण्याच्या शैलींनुसार वर्गवारीची ती कल्पना तपासून तिला पुरेसा पुरावा नाही असं २००८ मध्ये सांगितलं ते पॅशलर आणि सहकाऱ्यांनी, म्हणजे शिकण्याचाच अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी. थोतांड पकडायलाही संशोधनच लागलं. खरी दुखरी जागा मजकुराला सापडलीच नाही, म्हणून मीच दाखवते: मेकल आणि प्लकर यांनी २०१४ मध्ये शिक्षणाच्या शंभर आघाडीच्या नियतकालिकांतले लेख तपासले, तेव्हा जुना अभ्यास पुन्हा करून बघणारे लेख फक्त ०.१३ टक्के निघाले. ही शरमेची गोष्ट आहे. टीका करायचीच तर इथे करा.

राहिला अनुभव. चांगल्या शिक्षकाच्या अनुभवाला माझा नमस्कार आहे, पण अनुभव चकवतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा अभ्यासला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ वर राहिले. आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. तास संपता संपता प्रश्न विचारून 'वर्गाला समजलं' असं ठरवणारा शिक्षक, कितीही वर्षांचा अनुभवी असला तरी, रोज फक्त पाच मिनिटांनंतरचा आकडा बघत असतो.